डिस्ट्रिब्युटरला कुंकू

ताथवडे, दसऱ्याची सकाळ

तीर्थस्वरूप मामांच्या पायांशी जावई ज्ञानेशचा वाकून नमस्कार.

तब्येत ठीक असेलच. रक्तदाबाची गोळी घेतली नसेल तर आधी घ्यावी आणि मगच पुढे वाचावं. (फोन केला नाही, कारण फोनवर आधी तुम्ही बोलता आणि मग मला काही सुचत नाही. म्हणून हे पत्र तुमच्या लेकाच्या, प्रीतमच्या हाती पाठवतोय. त्याचा यात काहीही दोष नाही.)

आज आमच्या मेहुणीचा, तेजस्विनीचा साखरपुडा. तिला कार्यालयात तुमच्याच लाल गाडीतून न्यायचं, आमच्या साखरपुड्याला स्वप्नालीला नेलं होतं तसं, असं तुम्ही व्याह्यांसमोर बोलून बसला आहात. गाडी माझ्याकडे ठेवताना बजावलं होतंत, "जावईबापू, धुवा, पुसा, पर इंजनाला हात लावायचा न्हाई." मी धुतली. पुसलीही. पण चढाला ती इतकी धापा टाकायची की राहवेना. अहो, चाकणला कंपनीत मी दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढतो (क्वालिटीत आहे ना), मग घरच्या इंजिनाची काढू नये? ठिणगी जरा उशिरा पडत होती, एवढंच. ती केव्हा पडावी हे ठरवणारा डिस्ट्रिब्युटर नट सैल करून केसभर फिरवायचा, की झालं. मूळ जागा चुकू नये म्हणून आधी त्याच्यावर आणि समोर इंजिनावर खूणही केली. कुंकवाची. (खडू सापडेना, आणि देवघरात कुंकू आयतंच होतं.) इथवर माझं काय चुकलं, सांगा.

फिरवला, तर गाडी पार्किंगमध्येच टकटक करायला लागली. परत खुणेवर आणू म्हणून चहा घेऊन खाली येतो तर काय! काल खंडेनवमी. आमच्या आईने इंजिनाला कुंकू पाहिलं आणि लेकाने पूजा अर्धवट टाकली असं समजून ती पुरी केली. डिस्ट्रिब्युटरला बोटं, इंजिनाला बोटं, बॅटरीवर झेंडू. यात माझी खूण कुठली ते आता तो देवच जाणे. तेव्हापासून अंदाजाने फिरवतोय. अलीकडे घेतला की स्टार्टर उलटा धक्का खातो, पलीकडे घेतला की सायलेन्सरमधून असा बार निघतो की वरच्या मंजुळाबाईंनी विचारलं, रावण सकाळीच जाळताय का? खरं सांगतो मामा, भीती गाडीची नाही, तुमच्या तोंडाकडे बघायची आहे. तेजस्विनी रिक्षातून उतरली तर चार माणसांत तुमचा शब्द माझ्यामुळे खाली पडेल, आणि ते मला सहन होणार नाही. पदरात घ्यावं.

आपला (अजून तरी) जावई,
ज्ञानेश

ता. क. वरचं सगळं रद्द समजा. गाडी चालू झाली! अगदी तुमच्याकडे चालायची तशी. फक्त मी नट आवळायला गेलो की डिस्ट्रिब्युटर जरासा सरकतो आणि ती आचके देते, म्हणून स्वप्नालीने तो हाताने धरून ठेवलाय. (ती पैठणी नेसून तयार झाली होती. काय म्हणतेय ते लिहीत नाही.)

ता. ता. क. गाडी बंद करायची माझी छाती होत नाही, आणि पेट्रोलचा काटा तळाला टेकलाय. तेव्हा असाल तसे निघा. येताना डबाभर पेट्रोल आणा, आणि नट तुम्हीच आवळा. तुमची लेक म्हणते, सोडीन तर अप्पांच्याच हातात.