क्रमांक पाच: म्हातारबाबांकडे बसा

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की काम आहे, उगाच लपवत नाही. आमच्या पर्यटन कचेरीने मासेमारीच्या लहान गावांच्या पुस्तिका काढायचं ठरवलंय आणि आपल्या गावाची नेमकी माझ्या गळ्यात पडली. पाहुण्यांनी तिथे काय काय करावं, याची यादी हवी. गाव सोडून मला चौदा वर्षं झाली. दीपस्तंभ धक्क्याच्या कुठल्या बाजूला, तेही आठवत नाही. तू सविस्तर लिही. बाबा कसे आहेत? यंदा नक्की येतो.

तुझा आळशी भाऊ,
धाकटा


११ फेब्रुवारी

चि. धाकटोबास,
अ. उ. आ.

‘यंदा नक्की येतो’ हे तू छापूनच घेतलंयस वाटतं. असो, लिहून घे. सकाळी धक्क्यावर मासळीचा लिलाव बघावा, पण वाटेत उभं राहू नये. टोपलीवाल्या कोपराने बाजूला करतात आणि वर तुमचंच चुकलं म्हणतात. ओहोटीला खडकांवरून दीपस्तंभापर्यंत जावं, भरतीआधी परतावं. होड्यांच्या सुताराला काही विचारू नये, तो तासभर सोडत नाही.

आता घरचं. बाबा दारात जाळं विणत बसतात. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला आत बोलावतात, हात धरून बसवतात, पाणी देतात, कारण प्रत्येक जण त्यांना आपला दादाच वाटतो. दादाची होडी बुडाली त्याला नऊ वर्षं झाली, हे मी रोज नव्याने सांगते आणि ते रोज नव्याने रडतात. मला एकटीला झेपत नाही रे. ये.

वाट बघणारी,
ताई


२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत पुस्तिका. साहेब खूश आहेत. वाक्यं तुझीच, जशीच्या तशी. क्रमांक पाच तर सगळ्यांत गाजलाय: ‘जाळं विणणारे म्हातारबाबा रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला आत बोलावतात, हात धरून बसवतात, पाणी देतात. जरूर बसा.’ पुढचं घरगुती होतं, ते जागेअभावी गाळलं. हंगामात सुटी मिळत नाही, पण बाबांना आता माणसांची सोबत होईल. रागावू नकोस.

तुझा,
धाकटा


२९ मे

रा. रा. पुस्तिकाकार महाशय,

‘कारण’ या शब्दापाशी तू बरोबर कात्री लावलीस. लहानपणापासून तुझं असंच, सोयीचं तेवढं ऐकायचं.

रोज दहाबारा जण येतात. पाणी पितात, फोटो काढतात, आणि किती प्रेमळ म्हातारा म्हणत निघतात. बाबा प्रत्येकाला फाटकापर्यंत सोडायला जातात. म्हणजे दादा दिवसातून दहाबारा वेळा जातो. आधी ते एकदा रडायचे. मी दार लावून घेतलं तर दारावर डोकं आपटून घेतलं त्यांनी. क्रमांक पाच काढून टाक. ही विनंती नाही. मला तुझी चीड आली आहे.

ताई


७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चुकलो. वाचताना घाईत होतो, एवढंच खरं. पुस्तिका सगळीकडे गेल्या, नवी आवृत्ती वर्षाने निघेल. साहेबांपुढे माझं काही चालत नाही. पण रविवारी मी येतोय. तिकीट काढलंय, शपथ. आठवडाभर बाबांपाशी बसेन. त्यांना सांग, धाकटा येतोय.

क्षमा मागणारा,
धाकटा


११ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

परवा एक पाहुणा आला, तुझ्याच वयाचा. बाबांनी विचारलं, दादा तूच ना. त्याला दया आली आणि तो हो म्हणाला. मी त्याला दोष देत नाही; नऊ वर्षांत मला तेवढं सुचलं नाही. दिवसभर बसला, बाबांनी भरवलेला घास खाल्ला आणि बाजारात जाऊन येतो म्हणून संध्याकाळच्या गाडीने गेला. तेव्हापासून बाबा खुशीत आहेत. दादा बाजारात गेलाय, येईल म्हणतात. कुणाला बोलावत नाहीत, रडत नाहीत.

तुझा निरोप सांगितला. धाकटा रविवारी येतोय म्हटलं. त्यांना कळलं नाही. पुन्हा सांगितलं, तुमचा धाकटा मुलगा. तेव्हा विणायचे थांबले आणि मलाच समजावत म्हणाले, “मला एकच मुलगा. तो आलाय.”

माझा लोभ आहे, तो राहील. त्यांचा मागू नकोस.

तुझी,
ताई