सर्वांत लहान झडप

४ मार्च
पुन्हा तेच! नोदार डॉक्टरांनी खातूनाला बाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं, मी आत बाकावर. हृदय माझं आणि बातमी लेकीला! आमच्या कुताईसी शहरात हीच रीत – आजारी माणसाला काही कळू द्यायचं नाही. खातूना हसत आत आली. "काही नाही गं आई, छोटीशी तपासणी करायचीय." डोळे मात्र लाल. मीही हसले.

७ मार्च
खातूना लोबिओसाठी राजमा ठेचत होती, तेवढ्यात तिच्या पर्समधला कागद वाचला. हो, वाचला! हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताच्या वाटेवरची झडप चिंचोळी झालीय. मांडीच्या धमनीतून नवी बसवणार. माझी वाटच अरुंद, म्हणून सर्वांत लहान मापाची. आणि खाली – लहान झडपेत हृदयावरचा दाब पुरेसा उतरेलच असं नाही. म्हणजे एवढं सोसूनही दम लागायचा तो लागणारच? विचारू कुणाला? मला तर काही ठाऊकच नाही!

८ मार्च
घास उतरला नाही.

१२ मार्च
उद्या सकाळी. शेजारची लामारा आली. "माझ्या नणंदेला बसवली, आता बाजारभर फिरते!" मग जरा थांबून – "तिची मोठी होती म्हणा." जीभ आवरत नाही या बाईला! मला मरायचं नाहीये. बहात्तर म्हणजे काही वय झालं?

१५ मार्च
आहे मी! मांडी काळीनिळी.

२० एप्रिल
महिन्याची तपासणी. नोदार डॉक्टर मशीनच्या पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले, "त्सियाला काकू, दाब छान उतरलाय. लहान असली तरी नीट उघडतेय."
"चला, एकदा तरी माझ्या तोंडावर सांगितलंत!" मी म्हणाले. खातूना ओशाळली. मला रडू आलं, आवरलं नाही.
मग ते म्हणाले, माझी जुनी झडप जन्मापासूनच दोन पाकळ्यांची होती, असतात तीन. कधीकधी घराण्यात असतं. "खातूना, आलीच आहेस तर झोप इथे, तुझंही बघून घेतो."
"माझं काय बघताय!" बूट काढताना खिदळत होती.

२१ एप्रिल
काल पुढचं लिहवलं नाही. खातूना आत कपडे सावरत होती, तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. तिचीही दोनच पाकळ्यांची. आत्तापासूनच आखडायला लागलीय. सेहेचाळीसची आहे माझी पोर.
आत गेले, तिच्या कोटाची बटणं लावली आणि म्हणाले, सगळं ठीक आहे.