देवासचा राजदूत, मुक्काम धार

५ जानेवारी, रविवार. देवास.
पेपरात अर्धं पान लेख. दूतावासाचं काम म्हणजे नुसते व्हिसा देणं नव्हे. परक्या मुलखात आपला माल खपवणं, आपली पत वाढवणं, हे खरं काम. वाचून झोप उडाली. देवासची पत वाढवायला आजवर कोणी धारला गेलंय? कोणी नाही.
योगायोग म्हणजे बायको, विनोदिनीही सकाळीच म्हणाली, लेकीकडे, रुचाकडे धारला महिनाभर राहून या. मी कुकरच्या शिट्ट्या वहीत लिहितो, त्याचा तिला त्रास होतो म्हणे. कारण काही असो, पोस्टिंग झालं.
जुना सहकारी मानाजी रिटायर झाल्यावर गोडा मसाला बनवतो. त्याची चक्की आठवड्यातून दोनच दिवस चालते. चाळीस पाकिटं दिली. म्हणाला, भास्कर, धारमधून ऑर्डर नाही आली तर चक्की विकतो. मी म्हटलं, सरकारी पातळीवर बघतो.

६ जानेवारी. धार.
दूतावास सुरू. जागा: नातीची अभ्यासाची खोली. दारावर मराठीत पाटी लावली. चिऊ हिंदी शाळेतली, अक्षर अक्षर लावत वाचलं आणि विचारलं, आजोबा, फिर मैं होमवर्क कहाँ करूँगी? परराष्ट्र धोरणात असे प्रश्न येणारच.

७ जानेवारी. सकाळी ७.
रुचाने दूध आणायला सांगितलं. राजदूताला कामं सांगता येत नाहीत, हा आंतरराष्ट्रीय नियम समजावला. चहा मिळाला नाही.
७.४०. दूध आणलं. मानवतेच्या भूमिकेतून.

९ जानेवारी.
प्रतिमा-संवर्धन. बागेत फिरायला येणाऱ्या चौघांना देवासबद्दल सव्वा तास माहिती दिली. एक जण म्हणाला, भिया, माताजी की टेकरी तो देखी है, और क्या है? आणखी अर्धा तास दिला.
संकल्प: रोज जाणे.

१० जानेवारी.
चौघेही आले नाहीत. बहुतेक घरी चर्चा करत असतील.

१२ जानेवारी, रविवार.
शेजाऱ्यांना दाल-बाफल्याचं जेवण, म्हणजे डाळ आणि कणकेचे उकडून भाजलेले गोळे. डाळीत मी गुपचूप गोडा मसाला घातला. सढळ हाताने. डाळ काळसर, गोडसर, उत्तम. शेजारच्या काकूंनी विचारलं, भाईसाब, दाल की तबीयत ठीक है? सगळ्यांनी बाफले तुपात बुडवून खाल्ले. डाळ जवळजवळ पूर्ण उरली. म्हणजे पुरवठ्यात आपण कमी पडणार नाही, हे सिद्ध झालं. जावईबापू मयुरेश उद्यापासून तीच डबा म्हणून नेणार आहेत. चेहरा गंभीर होता.
पण एक मोठा मासा लागला! मयुरेशचा मित्र मनन जैन. इथून जवळच राजगढला केटरिंग करतो, यात्रेकरूंच्या मोठमोठ्या पंगती उठवतो. त्याने पाकीट घरी नेऊन भाजीत वापरलं. फोन आला, अंकलजी, कांदा-लसूण नाही, वर चव हटके, महिन्याला दोन क्विंटल लागेल. बुधवारी या.
मानाजीला कळवलं. फोनवरच रडला. म्हणाला, जन्माचे उपकार झाले. मी म्हटलं, देशकार्य आहे.

१५ जानेवारी. राजगढ.
रुचाने बजावलं होतं, बाबा, सौदा ठरलाच आहे. फक्त नमस्कार करा, चहा प्या आणि या. पोरीला शिष्टाचार काय कळणार? अकरा पानांचं भाषण लिहिलं होतं. धणे, तीळ, खोबरं, नागकेसर नीट पार पडले. मनन घड्याळ बघत होता. दगडफुलावर मात्र मी रंगलो. म्हटलं, मसाल्याचा प्राण हाच! दगडावर ना माती ना खत, तरी हे उगवतं. बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार!
मननने कप खाली ठेवला. विचारलं, मतलब, इसमें जीव है?
मी अभिमानाने म्हटलं, शंभर टक्के. असंख्य!
सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. भारावले होते सगळे.

१६ जानेवारी.
ऑर्डर रद्द. मयुरेशने सांगितलं, जैन पंगतीत शेवाळ आणि बुरशी चालत नाही, बाबा. अरे, मग आधी सांगायचं! यजमान राष्ट्राने माहिती पुरवायला नको?
मानाजीला कळवलं. त्याने फोन ठेवला. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. जेवलो नाही.
दुपारी ३. दोन बाफले खाल्ले.

१९ जानेवारी, रविवार.
मानाजी परस्पर राजगढला जाऊन आला. दगडफूल काढून नवा मसाला केला होता. दोन मिनिटं बोलला म्हणे. ऑर्डर मंजूर! दोन नाही, तीन क्विंटल. चक्की वाचली. देवासचा विजय.
मननची अट एकच: यापुढे अंकलजींना पाठवू नका. मानाजीने लगेच मान्य केली. थोडं तरी थांबायचं.
रुचा म्हणाली, बाबा, आता काम झालंच आहे. मयुरेशने तिकीट आधीच काढलं होतं. चिऊने बॅग बसपर्यंत आणली. पळत.

संध्याकाळी ५. इंदूर बसस्टँड.
देवासची बस धरण्याआधी विनोदिनीला फोन केला. म्हणाली, अगंबाई, इतक्यात? घराला रंग चाललाय, तुम्ही आणखी कुठेतरी राहा. मागे रंगकाम करणारे कोणी ऐकू आले नाहीत. भजन चालू होतं, आणि ती आनंदात होती.
इंदूरला मावसभाऊ जगदेवराव असतो. त्याला फोन लावला. दूतावासाची कल्पना थोडक्यात, वीस मिनिटांत सांगितली. म्हणाला, ये ना, भास्कर, तुझंच घर आहे. फक्त परतीचं तिकीट दाखव.