जेवण मात्र उत्तम होतं

८ फेब्रुवारी १९९७
प्रिं. बाईंनी बोलावलं. पुढच्या महिन्यात विद्यापीठाची कमिटी येतेय. कॉलेजात होम सायन्स चालू ठेवायचं की बंद करायचं, ते ती ठरवणार. बंद झालं तर आमच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर. ठरवणार कसलं, वायरिंगवाला आजच येऊन भिंती मोजून गेला. मी समोर उभी. "मेडम, ई स्टव्ह एल्ला तेगीबेकु." स्टव्ह सगळे काढायचे म्हणे. बाजूची भट्टी, वजनाचे काटे, प्रथिनं मोजायचे चंबू त्याला दिसलेच नाहीत.

लग्न होऊन बंगलोरला आले तेव्हापासून इथेच शिकवतेय. घरी येऊन नुसती बसून राहिले.

१२ फेब्रु.
स्टाफरूममध्ये फिजिक्सचे सर: "मॅडम, तुमच्याकडे इडली फुगली नाही तर नापास का?" सगळे हसले. मीही हसले. का हसले कोण जाणे. हेच सर दर प्रॅक्टिकलला बरोबर जेवणाच्या वेळी आमच्या दारात हजर.

गिरिजा म्हणाली, "बिडी, अक्का." जाऊ द्या म्हणे. विभागात आता आम्ही दोघीच. ती कापडशास्त्र शिकवते. माझी नोकरी कायम, मला कुठेतरी चिकटवतील. तिची टेंपररी. ती सरळ घरी. घरी सासरे अंथरुणावर, नवऱ्याचा कारखाना बंद. हे ती कधी बोलत नाही, म्हणून जास्त लागतं.

२० फेब्रु.
व्हाइटफील्डला शेवटच्या वर्षाच्या मुलींना घेऊन गेले. कॉम्प्युटरवाल्यांची मोठी इमारत उठतेय, तिथल्या मजुरांच्या पोरांची वजनं घ्यायची. वर्षभर चाललंय. रागी आणि हुरिगडलेचं, म्हणजे फुटाण्याच्या डाळीचं, पीठ करून देतो, दर महिन्याला वजन. एक पोरगी गेल्या वेळी काट्यावर मान टाकून बसली होती, आज काट्यावरून उडी मारून पळाली. मुली टाळ्या वाजवत होत्या. मला रडू आलं, गॉगल लावला.

हे सगळे तक्ते कमिटीला दाखवायचे. लॅबच्या भिंतीवर, खालपासून वरपर्यंत. वायरिंगवाल्याने मोजलेल्या त्याच भिंती.

२७ फेब्रु.
प्रिं. बाई: "कमिटीचं ऊट नीवे नोड्कोळ्ळि, सरी ना?" जेवण तुम्हीच बघा. अर्थात. आपलाच विभाग राहावा की नाही हे ठरवायला आलेल्यांना आपणच रांधून घालायचं.

गि. म्हणाली, नाही म्हणा. मी म्हटलं, नाही म्हटलं तर म्हणतील एवढंही येत नाही. मग सुचलं, प्रत्येक पदार्थाशेजारी कार्ड ठेवू. प्रथिनं किती, लोह किती, आम्ही ते कसं मोजलं. जेवताजेवता वाचतील, मग लॅब बघतील. गि.ला पटलं नाही, पण माझ्यासाठी हो म्हणाली.

ह्यांना सांगितलं. "छान. पाहुणे खूश झाले की अर्धं काम होतं." हे सरकारी प्रयोगशाळेत. विचारलं, तुमच्याकडे कमिटी येते तेव्हा तुम्ही भाजी चिरता का? पेपर वाचत राहिले.

९ मार्च
आमच्या लेकीने, मीनलने, सगळी कार्डं लिहून दिली. पी.यू.सी.ची, म्हणजे बारावीची, परीक्षा तोंडावर, तरी बसली. लोह कसं मोजतात म्हणून खोदून खोदून विचारत होती. अभ्यास कर म्हणून ओरडले.

११ मार्च
लिहावंसं वाटत नाही. तरी.

तिघे आले. आधी जेवण, मग लॅब असा कार्यक्रम. कोसंबरी, पालकाचं सारू, बिसिबेळे भात, होळिगे म्हणजे आपली पुरणपोळी. अध्यक्षांनी (केमिस्ट्रीचे) कार्ड उचललं, मला वाटलं वाचतायत. म्हणाले, "अरे वा, मेन्यू कार्ड! फाइव्ह स्टार हॉटेल!" बाकीचे दोघे हसले. मी काहीतरी सांगायला गेले तोवर त्यांचं ताट रिकामं, "अम्मा, इन्नू स्वल्प." अजून थोडं.

आणि मी वाढलं. वाढतच राहिले. घ्या हो, एवढीशी तर आहे, तूप घ्या, अर्धी तरी घ्या. आमच्या घरी पाहुणा हात आडवा धरेपर्यंत आग्रह करायचा, तोंडाला दुसरं काही येतच नाही. गि. दारातून डोळ्यांनी खुणावत होती, घड्याळ दाखवत होती. दिसत होतं मला. तरी त्यांच्या पानात अजून एक होळिगे.

उठले तेव्हा गाडी लागली होती, पुढच्या कॉलेजला उशीर. अध्यक्षांनी पान चघळत लॅबच्या दारातून डोकं आत घातलं. "व्हेरी क्लीन, व्हेरी क्लीन." गेले.

तक्त्यांशेजारी मुली इस्त्रीच्या साड्या नेसून रांगेत उभ्या. एकीने विचारलं, "मॅम, अवरु बरल्वा?" ते येणार नाहीत का?

१२ मार्च
गि. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने काल सगळी भांडी घासली, आज तक्ते काढून गुंडाळून ठेवले.

१८ एप्रिल
अहवाल आला. विभागाचं आदरातिथ्य वाखाणण्यासारखं. शैक्षणिक उपयुक्तता मर्यादित. यंदा पहिल्या वर्षाचा वर्ग भरला तर आणखी एक वर्ष बघू, नाहीतर प्रवेश बंद.

प्रिं. बाईंनी वेगळं बसवून घेतलं. बंद झालं तर मला हॉस्टेलची मेस सांभाळायला देतील. चांगल्या मनाने बोलत होत्या, हेच वाईट. "त्या दिवसाचं जेवण अजून सगळ्यांच्या आठवणीत आहे." बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

५ मे
गि. आणि मी हेब्बाळच्या बाजूच्या शाळांमध्ये फिरतोय. उन्हाने डोकं भणभणतं. एक बाप म्हणाला, "अडिगे मनेल्ले कलितारे." स्वयंपाक घरीच शिकतात. गि. शांतपणे त्याला समजावत बसली, मजुरांची पोरं, वजनं, सगळं. त्याने पाणी दिलं. मुलगी नाही दिली. काही अर्ज आलेत, पण वर्ग भरेल असं वाटत नाही.

२७ मे
मीनलचा निकाल. फार छान मार्क. हे पेढे घेऊन आले, शेजारी वाटून झाले.

चहा पिताना म्हणाली, मला इंजिनिअरिंग नको. तुझ्या कॉलेजात येते. तुझाच विषय घेते. पोरांच्या वजनाचं ते काम मला करायचंय.

हे काही बोलायच्या आत मीच बोलले. "वेड लागलंय का तुला? एवढे मार्क मिळवून होम सायन्स?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीनलने पाहिलं. मग कप उचलून आत गेली.

२८ मे
दिवसभर स्वतःला समजावतेय की विभागच टिकेल की नाही माहीत नाही, मग पोरीचं वर्ष कसं घालवायचं. खरं आहे ते. पण काल ते डोक्यात नव्हतं. काल फक्त लाज वाटली होती. ज्यांना पेढे वाटले त्या शेजाऱ्यांची. फिजिक्सचे सर निदान गंमत करत होते.

मीनल जेवायला बसते, उठून जाते. हे म्हणतात, बरं झालं तू वेळेवर बोललीस.

३० मे
अर्जाची मुदत उद्या संपते. सकाळी गि.चा फोन, शेजारच्यांकडून केलेला. वर्ग अजून भरलेला नाही. आवाज अगदी नेहमीसारखा ठेवला होता तिने.

"अक्का, तुमच्या ओळखीत कोणी मुलगी आहे का?"

मीनल समोरच बसून शेंगा सोलत होती. मी म्हटलं, बघते.