गोराईची मान

३ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. मोहिमेवर निघालेल्या माणसाने नोंदी ठेवाव्यात, नाहीतर मागाहून लोक काहीही लिहितात.
काल जेवताना कोहारुने आपणहून विषय काढला. ५ मेला बाजारगल्लीतल्या गेम सेंटरमध्ये जोडीचे सामने आहेत, एक मोठा नि एक शाळकरी. येतोस का म्हणाली. कोहारु पंधराची आहे. गेलं वर्षभर तिचं माझ्याशी बोलणं ‘भात’, ‘बरं’ आणि ‘दार लाव’ एवढ्यात उरकतं. तोंडात मिसो सूप होतं. ते तसंच धरून जोरात मान हलवली.
अट एकच. पहिल्याच फेरीत हरलो तर पुढच्या वेळी ती सायोच्या बाबांना घेणार. सायो तिची मैत्रीण, बाबा दंतवैद्य. म्हणजे पोटची पोर बाप उसना आणणार! इकुए म्हणाली, बरंच आहे की हो, तुमची दाढही दाखवून घेऊ.
बायको आहे. शत्रुपक्षात मोजत नाही.

४ एप्रिल, शनिवार
गेम आणला. ‘हाड आणि पोलाद’. यातले सैनिक म्हणजे रणजीव. अर्धे हाडामांसाचे, अर्धे पोलादी, अकरा मजली, आणि मुख्य म्हणजे त्यांना मन असतं. त्यांना भूक लागते, राग येतो, सगळं लक्षात राहतं. टीव्हीवर कॅमेऱ्याचा डोळा बसवायचा, त्यातून रणजीव चालकाला बघतो, ऐकतो. खोक्यावर ठळक छापलंय: तुमचा रणजीव सतत तुमच्याकडून शिकत असतो.
फार चांगलं. शिकण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे. न्हाणीच्या टबाची रबरी बुचं बनवणाऱ्या कंपनीत चोवीस वर्षं काढलीत. उपविभागप्रमुख आहे.
माझ्या रणजीवाचं नाव गोराई. छाती भट्टीसारखी, नाकातून वाफ. कोहारुचा बेडकासारख्या तोंडाचा, बुटका. त्याचं नाव तिने ठेवलंय मोचि, म्हणजे तांदळाचा मऊ लाडू. युद्ध म्हणजे काय याची मुलांना कल्पना नाही.

७ एप्रिल, मंगळवार
पहिली लढाई. मी ओरडलो, हल्ला! गोराईने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. पथकातले बाकीचे चौघे धावत गेले, दोघे मेले, मग हा निघाला. पोचेपर्यंत लढाई संपली होती. जिंकलेल्यांच्या घोळक्यात मात्र बरोबर मधोमध उभा.
काय हा स्वभाव! ऑफिसातही असले नमुने आहेत. साहेबांनी दिवा मालवल्याखेरीज खुर्ची सोडत नाहीत. (मीही सोडत नाही, पण ती शिस्त.)

११ एप्रिल, शनिवार. दुपारी २
गोराईला सराव देण्याचा बेत होता. त्याऐवजी बदलीच्या अर्जावर शेवटचा हात फिरवला. हा नववा खर्डा. मला रेखाटन विभागात जायचंय. टब रिकामा झाला की शीळ घालणारं बूच माझ्या डोक्यात अकरा वर्षं तयार आहे. अर्जही अकरा वर्षं तयार आहे. द्यायचाच काय तो राहिलाय.
टीव्हीसमोर उभा राहून मोठ्याने वाचला: ‘माझ्या अंगच्या थोड्याफार गुणांचं चीज होईल अशा जागी बदली मिळावी, ही नम्र विनंती. आजवर सांभाळून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे.’ ‘नम्र’ काढला. कोरडं वाटलं. पुन्हा घातला. सहा वेळा वाचला. गोराई तेल प्यायचं थांबवून ऐकत होता. अर्जात दम आहे.
सोमवारी देणार.

१३ एप्रिल, सोमवार
साहेबांना सर्दी. अशा वेळी अर्ज देणं माणुसकीला धरून नाही.

१८ एप्रिल, शनिवार
भयंकर प्रकार. ऐन सरावात हिगाशिदे साहेबांचा फोन. विभागप्रमुख ते. मी उभा राहिलो, होय साहेब, चूक माझीच साहेब, असं म्हणत कमरेत वाकलो. चूक कुठली ते अजून कळायचं होतं.
फोन ठेवून लढायला बसलो. समोर छातीवर तीन पट्टे असलेला सेनापती रणजीव आला. गोराईने तलवार खाली ठेवली. हात मांड्यांना चिकटवले. आणि मान अशी लववून दिली की सेनापतीला हात उगारायचेही कष्ट नकोत. एका घावात डोकं गडगडत नदीत.
डोकं वीस मिनिटांत पुन्हा उगवतं. इज्जत उगवत नाही.
कोहारु दारात उभी होती. तिने विचारलं, बाबा, तू फोनवर वाकतोस ते दिसतं कुणाला? मी समजावलं, वाकताना पाठ ताठ ठेवली की आवाजही ताठ होतो, आणि तो साहेबांना बरोबर ऐकू येतो. तिने टीव्हीवरच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. मी कॅमेरा पुसला. कपाळावर हात मारून ती निघून गेली. या वयात मुलांना डोकेदुखी फार.
गेमवाल्यांना तक्रार धाडली: मानेचा सांधा सदोष आहे.

२६ एप्रिल, रविवार
गेमवाल्यांचं उत्तर आलं. मानेत दोष नाही. रणजीव चालकाकडून शिकतो. कृपया स्वतःचं निरीक्षण करावं.
उर्मटपणाची कमाल! तरी आरशासमोर पूर्ण एक मिनिट निरीक्षण केलं. काही आढळलं नाही.

२९ एप्रिल, बुधवार. सुट्टी
कोहारुबरोबर तीन तास सराव! तिने शिकवलं, मी शिकलो. तिच्या मते मी बोटांनी खेळतो कमी आणि माफी मागतो जास्त. कुणाच्या पायावर पाय पडला तरी मी सॉरी म्हणतो. अरे बाबा, तो शत्रू आहे, म्हणाली. पायावर पाय पडावा म्हणूनच तर आलोय आपण!
फोन आला नाही. गोराईने एकट्याने दोघांना लोळवलं. एकही पट्टा नसलेले होते, पण लोळवलं ते लोळवलं. कोहारुने आपल्या मेलनपावातला अर्धा तोडून माझ्यापुढे धरला, आणि ‘बरं’ म्हणाली. नेहमीचं ‘बरं’ नव्हे. शेवटी जरा वर गेलेलं.
पाव मला आवडत नाही. सगळा खाल्ला.

४ मे, सोमवार
उद्या सामना. अटळ निर्णय: फोन पूर्ण बंद.
दुपारी ४: पूर्ण बंद म्हणजे जरा आततायीपणा. आवाज बंद.
५.३०: आवाज बंद, थरथर चालू. थरथर म्हणजे काही फोन नव्हे.

५ मे, मंगळवार
गोराईला कार्डावर भरून गेम सेंटरात नेलं. तिथेही प्रत्येक खुर्चीसमोर कॅमेरा. पहिल्या फेरीत समोर गल्लीतल्या मासेवाल्या तोकुनागाबाई आणि त्यांचा भाचा. बाईंच्या हाताला पाणी लागलेलं असल्याने बटणं निसटत होती. आम्ही पुढे होतो. मोचिने भाच्याला खिंडीत कोंडलं होतं. बाईंचा रणजीव गुडघ्यावर आलेला. कोहारु ओरडली, बाबा, आता! दे एक!
खिशात थरथर.
नाव बघितलं. इथवर ठीक होतं. नुसतं नाव बघायला काय हरकत आहे.
मी उभा राहिलो. होय साहेब. सुट्टी कसली साहेब, मोकळाच होतो. वाकलो. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, पडद्यावर गोराईही वाकलाय. तेवढाच. त्याच क्षणी. तोकुनागाबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि संकोचून विचारलं, अहो, कापू ना?
मी फोनवर हात ठेवून म्हटलं, कापा, कापा, माझ्यासाठी थांबू नका.
साहेबांना स्टेपलरच्या पिना कुठे ठेवतात ते हवं होतं. डावा खण.
कोहारु एकटी चार मिनिटं लढली. मग मोचिही गेला. घरी येईपर्यंत ती बोलली नाही. ‘दार लाव’सुद्धा नाही. स्वतःच लावलं.

६ मे, बुधवार. सुट्टी
सकाळी टीव्ही लावला. गोराई हात मांड्यांना चिकटवून ताठ उभा. पडद्यावर मजकूर:
‘माझ्या अंगच्या थोड्याफार गुणांचं चीज होईल अशा जागी बदली मिळावी, ही नम्र विनंती. आजवर सांभाळून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे.’ खाली: कोहारुच्या पथकात. मान्य की अमान्य?
आधी संताप आला. मग वाचलं. ‘नम्र’ ठेवलाय. बरोबर ठेवलाय.
कोहारु मागे येऊन वाचत होती. हे तुझं आहे का, विचारलं. हो म्हटलं. कुणाला दिलंस? खणात आहे म्हटलं. कधीपासून? मी आकडा सांगितला. मला वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, बाबा, याला इथे येऊन महिना झाला, आणि याने देऊनही टाकला.
मान्य दाबलं. लायक माणसं अडवून ठेवू नयेत, असं मी नेहमीच म्हणतो.
अर्ज खणातून काढून पँटच्या खिशात ठेवला. उद्या.

१६ मे, शनिवार
सामने पुन्हा झाले. कोहारु आणि दंतवैद्य उपांत्य फेरीत. गोराईने तीन-तीन पट्टेवाल्यांना आडवं केलं म्हणे, मान तसूभरही न लववता. दंतवैद्याची दुसऱ्याच फेरीत दांडी उडाली, पुढे कोहारु एकटीच लढली. ही बातमी इकुएने मला दोनदा सांगितली. भली बाई आहे.
संध्याकाळी कपडे वाळत घालायला काढले. पँटच्या खिशात लापशी निघाली. नववा खर्डा. दहावा यापेक्षा चांगला होईल.
बालदी घेऊन टीव्हीसमोरून चाललो होतो. कोहारुची लढाई ऐन रंगात. मी दिसताच गोराई मध्येच थांबला, तलवार खाली केली आणि माझ्याकडे तोंड करून कमरेत वाकला. कोहारु कुरकुरली, बाबा, सरक ना, तो फक्त तुलाच करतो असं.
फक्त मला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.
बालदी खाली ठेवली. मीही वाकलो. मी वर होईना, म्हणून तो वर होईना. तेवढ्यात त्याचं डोकं गेलं.
कोहारु एक वाक्य बोलली. त्यात ‘दार’ होतं आणि ‘लाव’ही. पण शेवटी जरा वर गेलेलं.