रिव्हर्ब कोण नेतंय?

८ नोव्हेंबर, शनिवार

कालच्या नोंदीत चूक आहे. ‘पुष्करने रिव्हर्ब उडवला’ असं लिहिलं होतं. उडवताना मी पाहिलेलं नाही. खरं एवढंच : गुरुवारी माझ्या आतेभावाने, पुष्करने, कोराडीहून येऊन आवाजाला घुमारा देणारा तो प्लगइन बसवून दिला आणि शुक्रवारी सकाळी तो सॉफ्टवेअरच्या यादीत नव्हता. दुरुस्ती केली. संशय कायम.

माझ्या मैत्रिणीचं, गुंजनचं गाणं शनिवारी, पंधराला, रेडिओच्या निवडीसाठी पाठवायचं आहे. गाते ती, बाकी काम माझं. फॉर्मवर ‘ध्वनिसंयोजन : वैभवी’ येईल. माझं नाव कुठे येण्याची ही पहिलीच वेळ. पुष्करलाही ते हवं असणार.

९ नोव्हेंबर, रविवार, सायं. ६

प्लगइन स्वतः बसवला. चालला. दिवेलागणीच्या आत कॉम्प्युटर आवरला. चौथीपर्यंत बाबांनी मला घरीच शिकवलं. पाढ्यांच्याही आधीचा त्यांचा धडा हा, की दिवा लावण्यापूर्वी प्रत्येक वस्तू जागेवर हवी. एका आडबाजूच्या फोल्डरात ‘एचव्हीबी३’ नावाची बेवारस फाइल पुन्हा पडली होती. ‘किरकोळ’मध्ये हलवली. कॉम्प्युटरने विचारलं, या नावाची एक आधीच आहे, दोन्ही ठेवू का? हो म्हटलं. दुसऱ्याची वस्तू फेकू नये.

उद्यापासून मिक्सिंग.

१० नोव्हेंबर, सोमवार

प्लगइन गायब. काल पुष्कर आला नव्हता. म्हणजे लांबून करतो. फोन केला. त्याने विचारलं, तू काही हलवलं का. मी म्हटलं, मी फक्त आवरते. तो हसला. काहून हसला?

पासवर्ड बदलला. प्लगइन बसवला. संध्याकाळी आवरलं. मिक्सिंग उद्या, सुरक्षितता आधी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

गायब. इंटरनेटची वायरच काढली. बसवला. आवरलं. ती बेवारस फाइल रोज येते. हीच पाळत ठेवत असेल. तिलाही ‘किरकोळ’मध्ये टाकलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

वायर नसतानाही गायब. म्हणजे कोणीतरी घरात येतं. बसवला, आवरलं, कीबोर्डवर रांगोळी भुरभुरली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रांगोळी विस्कटलेली. पुरावा मिळाला. घरच्या ग्रुपवर नाव न घेता लिहिलं, ‘कोराडीच्या माणसांनी मन साफ ठेवावं.’ आत्याने लगेच विचारलं, मी काय केलं वं? कोराडीला दोघंच राहतात, हे लक्षात नव्हतं.

बाबांनी विचारलं, सकाळी कॉम्प्युटर कोणी उघडला. मी. पण जपून.

पुष्करची वेळ धरून सहाव्यांदा बसवला. आवरलं. गुंजनला म्हटलं, मिक्सिंग जवळजवळ झालंय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गुंजन न विचारता पुष्करला घेऊन आली. त्याने प्लगइनची यादी पाहिलीसुद्धा नाही. थेट ‘किरकोळ’ उघडलं. एचव्हीबी३, सहा वेळा.

“हाच रिव्हर्ब होय,” तो म्हणाला. “तूच रोज उचलून ठेवून राहिली वं. आणि गावभर मले चोर करून राहिली.”

मग बाबा म्हणाले, ठेवल्या मात्र नीट होत्या.

गुंजनने नुसत्या आवाजाचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेतलं आणि ती त्याच्याबरोबर गेली. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गाणं दुपारी गेलं. गुंजनने फॉर्मचा फोटो पाठवला. ध्वनिसंयोजन : पुष्कर. गाणं तीनदा ऐकलं, चूक सापडेना.

त्याची माफी मागायला हवी. फोनवर नको, तो कॉल रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकेल. उद्या आत्या घरी असते, तिच्यादेखत नको. सोम ते बुध त्याची सकाळची ड्युटी. शिवाय इतक्या लवकर गेले तर घाबरून आली असं वाटेल. तेव्हा गुरुवार, २० नोव्हेंबर, सकाळी दहाची कोराडीची बस.