डावखुऱ्याचा गुडघा

रविवार, संध्याकाळ

माझी यादी कोणीतरी वाचतंय. नक्की वाचतंय.

नागापूरच्या आमच्या कंपनीतले आठ जण मोबाईलवर कबड्डीची लीग खेळतो. आळीपाळीने खरे खेळाडू निवडायचे, ते मॅटवर जेवढे गुण घेतील तेवढे आपले. चढाईवाले कोणत्या क्रमाने घ्यायचे, ते मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो. गेल्या वर्षी त्या आठांतलाच माझा मेव्हणा संदीप नेमके माझेच चढाईवाले माझ्याआधी उचलत गेला. वर म्हणतो, "दाजी, तुमी लई संशय घेता."

म्हणून काल सापळा लावला. ज्या डावखुऱ्या चढाईवाल्याचा गुडघा दुखावलाय, त्यालाच मुद्दाम एक नंबर दिला आणि वही टीव्हीजवळ उघडी टाकली. संदीप जेवला, बहिणीशी, म्हणजे आमच्या सुनंदाशी, गप्पा मारून गेला. वहीकडे बघितलंसुद्धा नाही. नाटक? की मलाच वेड लागलंय?

आज निवड झाली. पहिली पाळी संदीपची. डावखुऱ्याला त्याने हात लावला नाही. माझा दोन नंबरचा उचलला!

घरी येऊन वही उघडली, तर डावखुऱ्याच्या नावापुढे बारीक अक्षरात लिहिलेलं: "गुडघा गेलाय याचा. एक नंबर कसा?"

अक्षर सुनंदाचं. लग्नाआधी तिसगावच्या संघात ती चढाईच करायची, आणि मी संशय घेतला तो तिच्या भावावर.

आता स्वयंपाकघरातून विचारतेय, "आज कोण कोण मिळालं हो?"

विचारतेय कशाला? पहिली निवड तर तिनेच केली.